आमच्या घरचा कॉन्सिल्येरे

माझ्या वडिलांना कॉन्सिल्येरे म्हणायला सुरुवात केली ती माझ्या आतेभावाने. त्याला गुन्हेगारी टोळ्यांच्या सिनेमांचं वेड. टोळीच्या म्होरक्याजवळ बसणारा, स्वतः कधी बंदूक न धरणारा, पण ज्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही असा जो सल्लागार असतो, त्याला इटालियनमध्ये कॉन्सिल्येरे म्हणतात, हे ज्ञान त्याने एका दिवाळीत फराळ करता करता आम्हाला दिलं. आपले अण्णा म्हणजे अगदी तेच, असं तो म्हणाला. अण्णा तेव्हा चकली मोडत होते. त्यांनी अर्थ नीट समजून घेतला आणि त्या माणसाला पेन्शन असते का, एवढंच विचारलं. सगळे हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

अण्णा कोर्टात स्टेनो होते. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, एक अक्षर न गाळता उतरवून घ्यायचं आणि स्वतःचं मत डब्याबरोबर घरी परत आणायचं, अशी ती नोकरी. ते रिटायर झाले आणि इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसांची रीघ लागली. भावाभावांतली वाटणी, सोसायटीतलं पार्किंग, मुलीला कुठल्या कॉलेजात घालावं, आईचा मोतीबिंदू आत्ता काढावा की थंडीत. आमची आई तोवर गेलेली होती. नवऱ्याला सोडून मी परत माहेरी आले होते आणि या मंडळींचा चहा माझ्या गळ्यात पडला होता.

अण्णांची पद्धत ठरलेली होती. घरात, चारचौघांत ते काही सांगायचे नाहीत. चहा झाला की पायात चपला, आणि आलेल्या माणसाला घेऊन जॉगिंग ट्रॅकवर. पहिल्या फेरीत तो माणूस बोलणार. दुसऱ्या फेरीत अण्णा प्रश्न विचारणार. फाटकाशी परत आले की एक वाक्य, तेही हळू, त्याच्या एकट्यापुरतं. मग तो माणूस तिथूनच आपल्या घरी जाई, वर येत नसे.

त्यांचे नियम दोन. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा पहिला. ज्यात आपलं काही गुंतलं आहे तिथे तोंड उघडायचं नाही, हा दुसरा. जज्जाच्या नात्यातला खटला त्याच्यासमोर चालत नाही, तो दुसऱ्याकडे जातो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं आणि ते त्यांना फार पटलं होतं. लोकांनाही या दुसऱ्या नियमाचं भारी कौतुक. अण्णा म्हणजे तराजूचा काटा, असं म्हणायचे. मला त्या नियमाचा राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

धाकटी बहीण देवळाली कॅम्पला दिलेली. सासरच्यांचं बाजारात दुकान: जवानांचे गणवेश, पट्टे, बूट, नावाच्या पट्ट्या आणि बदलीच्या वेळी लागणाऱ्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका. तिचा नवरा गोड माणूस होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की तो कसाई होता. तो ट्रंकेवर नाव रंगवून द्यायचा आणि रंगवता रंगवता त्या जवानाला इतका हसवायचा की तो आणखी एक कुलूप घेऊन जायचा. धाकटीचा त्याच्यावर जीव होता. मूल झालं नाही, त्याचं दोघांना वाईट वाटायचं, पण त्यावरून त्यांच्यात कधी शब्द झाला नाही.

मग त्याच्या पायांवर सूज यायला लागली. ती उतरेना. तपासण्या झाल्या, तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या कुणी किडनी दिली तर बरं. सासूबाईंना रक्तदाब, सासरे म्हातारे. थोरल्या दिराचा रक्तगट जुळत होता, पण ती गोष्ट कुणीतरी एकदा बोललं आणि नंतर कुणीच बोललं नाही. धाकटीचा जुळत होता, ती गोष्ट मात्र रोज निघायची.

एका रविवारी सकाळी ते सगळे इंदिरानगरला आले. सासरे, थोरला दीर, धाकटी. जावई दवाखान्यात होता. सासऱ्यांच्या हातात द्राक्षांची पेटी होती. या घरात लोक रिकाम्या हातांनी सल्ला मागायला येतात, अण्णांना काही आणलेलं आवडत नाही, हे सासऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. धाकटी आली ती माझ्याकडेही न बघता थेट स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवर आधण ठेवलं. मी म्हटलं, मी करते, तू बस. ती नको म्हणाली आणि ओट्यापाशी, दाराच्या आड उभी राहिली. तिथून बाहेरचं सगळं ऐकू येतं.

सासरे भगूरपलीकडच्या खेड्यातून येऊन कॅम्पात स्थिरावलेले. बोलायला मोकळे. दुकानाची दोन मुलांत वाटणी त्यांनी, सोयरीक व्हायच्याही आधी, अण्णांच्या सांगण्यावरूनच केली होती. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अण्णा, आजवर तुमच्या शब्दाबाहेर आम्ही गेलो नाय. आता हे बी तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

"तुम्ही म्हणाल तसं" हे आमच्याकडे साधं बोलणं नाही. असं चारचौघांत म्हटलं की समोरचा बांधला जातो. त्याने हो म्हटलं तर जबाबदारी त्याची, नाही म्हटलं तर दोषही त्याचा. अण्णांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. ट्रॅकवर जाऊ या, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते उठले नाहीत.

मग मीच विचारलं, थोरल्याचा गट जुळतो ना, त्याची तपासणी का नाही केली? दीर पंख्याकडे बघायला लागला. सासरे माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाले, "त्याच्यावर दुकान हाय, लेकरं हायेत." म्हणजे धाकटीवर काही नव्हतं. हे ते बोलले नाहीत, पण खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. नवरा सोडून माहेरी बसलेल्या बाईच्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज नसते, हेही त्या दिवशी मला पुन्हा एकदा कळलं.

अण्णा शेवटी बोलले. आवाज तोच, कोर्टातला. "मी मुलीचा बाप आहे. यात मला सल्ला देता येणार नाही. तिला विचारा."

मला आजही खात्री आहे की आपण अतिशय न्यायाचं बोललो, असंच त्यांना वाटत होतं. बापाने आपल्या मुलीच्या बाजूने बोलणं म्हणजे पक्षपात. आणि नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न असताना तिच्या वतीने हो म्हणायचा हक्क तर बापाला नाहीच. म्हणून ते बाजूला झाले. निर्णय जिचा, तिच्या हातात दिला. कागदावर उतरवून घेतलं असतं तर एकही चूक सापडली नसती.

पण ते कागदावर नव्हतं, दिवाणखान्यात होतं. सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून विचारलं, काय गं पोरी, तुझं काय? धाकटी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, एक कप उचलून अण्णांच्या हातात दिला आणि कप सोडायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णा कपात बघत होते. तिने कप सोडला आणि म्हणाली, "चालेल."

सासऱ्यांनी डोळे पुसले. अण्णांचे पाय धरायला वाकले. वयाने मोठा माणूस, अण्णांनी त्यांना मधेच धरलं. पुढे कॅम्पभर हेच सांगितलं गेलं की अण्णांनी परवानगी दिली. आमच्या लोकांत गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरतात. सगळ्या शहराला शहाणपण शिकवणाऱ्या अण्णांना हे माहीत नसावं, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्ही परक्यांना ट्रॅकवर नेता, तिला एकदा न्या. ते म्हणाले, ती विचारायला आली तर नेईन. मी म्हटलं, ती विचारायला येणार नाही, ती तुमची मुलगी आहे, पक्षकार नाही. त्यावर ते म्हणाले की म्हणूनच. मी द्राक्षांची पेटी उचलली आणि वॉचमनला देऊन आले.

धाकटी विचारायला आली नाही.

ऑपरेशनच्या आधी देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात. कायदाच आहे तसा. घरचं कुणी खोलीत नसतं, समोर दोन-चार अधिकारी, कॅमेरा चालू असतो, कुणाच्या दबावाखाली देताय का, असं स्पष्ट विचारतात. तिथे ती नाही म्हणू शकली असती. ती हो म्हणाली, आणि मला माहीत आहे की मनापासून म्हणाली. तेव्हा जबरदस्ती वगैरे शब्द मी वापरणार नाही. मी बाहेर बाकावर बसले होते. बाहेर येऊन तिने मला विचारलं, अण्णा आलेत का? मी म्हटलं, त्यांना गुडघ्यांमुळे जमलं नाही. ते खरंही होतं.

नवरा बरा झाला. वर्ष, दीड वर्ष. दुकानात बसायला लागला, तिला मालकीणबाई म्हणायचा, आता आतला मालही तुमचाच आहे म्हणायचा. ती वैतागल्यासारखं करायची. मग एका पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला. किडनी टिकावी म्हणून दिलेल्या औषधांनी अंगातली ताकद मारलेलीच असते, साधा जंतूही पुरतो. तो ताप छातीत उतरला. तिची किडनी शेवटपर्यंत चांगली चालत होती, असं डॉक्टर म्हणाले. ते तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. तिने मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

सासरहून तिला कुणी हाकललं नाही. फक्त तिच्या खोलीत ट्रंका ठेवायला सुरुवात झाली. आधी कोपऱ्यात दोन, मग भिंतीलगत, मग पलंगाखाली. पलंगावरही ठेवल्या, तेव्हा ती एक पिशवी घेऊन इंदिरानगरला आली. सासरे सोडायला आले होते. ते खाली रिक्षाशीच थांबले, वर आले नाहीत.

मग तिचा रक्तदाब वाढला. मग उरलेल्या एकीने कुरकुर सुरू केली. किडनी दिलेल्या माणसाचं असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. क्वचित असलं तरी ज्याच्या घरी येतं त्याच्या घरी ते पूर्णच येतं. मी माझी तपासणी करून घेतली. माझी साखर आड आली. तिचं नाव किडनी मिळण्याच्या यादीत घातलं आहे, यादी आपल्या गतीने सरकते. तिच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर, डायलिसिससाठी शीर जोडून घेतली आहे. तिथे बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. पहिल्यांदा तिने माझा हात धरून ती दाखवली, तेव्हा मी हात मागे घेतला होता. आता रोज सकाळी मीच बघते.

अण्णांकडे माणसं येतच होती. ती येतच राहतात. अण्णा एकदाही आमच्याबरोबर डायलिसिसला आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे, आणि चहा झाला की चपला घालून ट्रॅकवर जायचे.

माझी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात. आमच्याकडे इटलीहून पॅकिंगची यंत्रं येतात आणि त्यांच्यामागून ती बसवणारी माणसं येतात. लग्न मोडल्यावर डोकं कशात तरी घालायचं म्हणून मी इटालियन शिकले होते, त्याच्यावर पोट चाललं. मागच्या वर्षी एक म्हातारा तंत्रज्ञ आला होता. कॅन्टीनमध्ये वरणभात चमच्याने खाता खाता त्याला मी कॉन्सिल्येरे हा शब्द विचारला, सिनेमातला म्हणून. तो चिडला. म्हणाला, तुम्ही लोक आमचा चांगला शब्द चोरांच्या तोंडून शिकता. त्याच्या गावात नगरपालिकेवर निवडून गेलेल्या कुणालाही कॉन्सिल्येरेच म्हणतात. त्याची चुलतबहीणही तशी कॉन्सिल्येरे होती, गटारांवरून भांडायची. मूळ शब्द लॅटिन. त्यातून आलेला कॉन्सिल्यो म्हणजे सल्ला, आणि कॉन्सिल्यो म्हणजे सल्ल्याला बसलेली सभाही. काही जण म्हणतात की त्याच्याही मुळाशी एकत्र बोलावणं आहे. व्हेनिसचा जो प्रमुख असे, त्याला म्हणे सल्लागार समोर असल्याशिवाय स्वतःचं टपालही उघडता येत नसे. टोळ्यांनी हा शब्द अगदी अलीकडे उचलला, अब्रूदार कोट उचलावा तसा. मी विचारलं, मग त्या माणसाचं काम काय? हो म्हणायला तर सगळेच असतात, तो म्हणाला. ज्याने नको म्हटलं तरी त्याला कुणी घराबाहेर काढत नाही, तो कॉन्सिल्येरे.

त्या संध्याकाळी घरी अण्णांचे मित्र आले होते, जुन्या नाशकातले, उर्दू शाळेतून रिटायर झालेले मास्तर. मी हे सगळं सांगितलं. अण्णांना शब्दांची आवड, ते खूश झाले. मास्तर म्हणाले, आपला सल्ला अरबीतून आलाय, फारसीच्या वाटेने. सलाह म्हणजे भलं. मसलत त्याच घरातली. "जो सलाह देतो, तो भलं चाहतो. निदान चाहायला हवं," असं म्हणून ते हसले. अण्णा म्हणाले की इटालियन शब्दात एकत्र बसणं आहे, आपल्यात भलं आहे, कुणीतरी यावर लिहायला हवं. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य राहिलं. आणि तेही सांगितलं.

धाकटी दिवाणावर आडवी होती. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ती अशीच असते, डोळे मिटून, पण जागी. मास्तरांनी चहा संपवला आणि लवकर निघाले.

सकाळी ती स्वतः उठून अण्णांच्या खोलीच्या दाराशी गेली. मी पोळ्या करत होते. ती म्हणाली, "अण्णा, मला एक विचारायचंय. ट्रॅकवर न्याल?"

अण्णा लगेच उठले. त्यांना चपला सापडेनात, त्या पायाशीच होत्या. तिला फेरी जमणार नव्हती म्हणून मीही निघाले, दंडाला धरून. फाटकाच्या आत पहिलंच बाक आहे, तिथे ती बसली. अण्णा तिच्या शेजारी. मी उभी राहिले. माणसं भराभर चालत आमच्यासमोरून जात होती. दोघातिघांनी अण्णांना नमस्कार केला.

ती म्हणाली, "त्या रविवारी मी असंच विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

अण्णांनी प्रश्न विचारले नाहीत. ते समोर बघत म्हणाले, "नको म्हणालो असतो."

"का?"

"का काय. तू माझी आहेस."

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. मला अण्णांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. इतकं सोपं वाक्य यांच्या पोटात होतं, आणि इतकी वर्षं हे ते पोटात घेऊन लोकांच्या पार्किंगची भांडणं मिटवत फिरत होते.

"मी दिलीच असती," धाकटी म्हणाली. "तुम्ही शंभरदा नको म्हणाला असता तरी दिली असती. मला तो हवा होता."

"मग?" अण्णा म्हणाले.

"मी दाराआड उभी होते, अण्णा. खोलीत सगळ्यांना तो जगायला हवा होता. मलाही. ताई बोलली, पण ताईचं कुणी धरत नाही. मी तेवढ्याचसाठी थांबले होते, की तुम्ही एकदा नको म्हणाल. मग मी तुमचं न ऐकता गेले असते."

अण्णांनी तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. कुठे धरायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मनगटाच्या वर, नेमका तिथेच तळवा पडला. थरथर लागली तसे ते दचकले. हात मात्र काढला नाही.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं नाही. धाकटीने सांगितलं, सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं, की रक्त इथून बाहेर जातं, धुतलं जातं आणि इथूनच परत येतं, आणि ही थरथर थांबली तर लगेच दवाखान्यात पळायचं असतं. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. फाटकाशी सोसायटीतले एक गृहस्थ त्यांच्यासाठी थांबले होते, काहीतरी विचारायचं होतं त्यांना. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते परत गेले.